रोटरी, लायन्स, जेसीज की जायंट्स? आधी बैठकीला बसा, मग फॉर्म भरा

तालुक्याच्या गावात दुकान, दवाखाना किंवा ऑफिस थाटून चार-पाच वर्षं झाली, बाजारपेठेत नाव कळायला लागलं, की समाजसेवेच्या क्लबांकडून विचारणा येतेच. "रोटरीत या की!" हे एकाचं बोलावणं पचतंय तोवर दुसरा म्हणतो, "तिकडे कशाला? आमच्या लायन्सला या." दोघंही आपापल्या कामाचे फोटो दाखवतात आणि गंमत म्हणजे फोटो सारखेच असतात. रक्तदान शिबिर, वृक्षारोपण, वह्यावाटप, मागे फ्लेक्स, पुढे पदाधिकारी. प्रकल्पांची यादी समोर ठेवून निवडायला बसलात तर उत्तर मिळणार नाही.

खरा फरक बैठकीत आहे. ही मंडळी महिन्यातून किती वेळा भेटतात, भेटल्यावर काय करतात, बाहेरचा वक्ता बोलावतात का, आणि बोलावल्यावर त्याचं ऐकतात का. सभासद म्हणून तुमचा जास्तीत जास्त वेळ तिथेच जाणार आहे. म्हणून ही तुलना बैठकीच्या बाजूने केली आहे.

रोटरी: ऐकायची आवड असेल तर

१९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तिघांना एकत्र बोलावलं. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता, एक शिंपी. प्रत्येक धंद्यातला एकेक माणूस घ्यायचा आणि पाळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात जमायचं, असा बेत होता. एकाच व्यवसायाचे फार लोक नकोत ही अट आता बरीच सैल झाली आहे, पण तिची छाया राहिली आहे. चांगल्या रोटरी क्लबात तुमच्या एका बाजूला ऑर्थोपेडिक डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूला खताचा डीलर बसलेला असतो. ज्या क्लबात निम्मे सभासद बिल्डर किंवा निम्मे डॉक्टर दिसतील, तिथे रोटरीची मूळ मजाच गेली असं मी मानतो.

भारतात रोटरी कलकत्त्याला १९२० च्या सुमारास आली, मुंबईत १९२९ मध्ये. वर्षानुवर्षं साप्ताहिक बैठक हा तिचा कणा होता. २०१६ मध्ये नियम बदलले आणि महिन्यातून किमान दोन बैठका एवढंच बंधन उरलं. तरी जुने क्लब अजून दर आठवड्याला भेटतात. हजेरीला महत्त्व आहे. बैठक चुकली तर दुसऱ्या गावच्या क्लबात जाऊन ती भरून काढायची जुनी रीत आहे, तिला 'मेकअप' म्हणतात. फिरतीचा धंदा असणाऱ्याला हे फार उपयोगी पडतं. नाशिकला मुक्काम पडला तर तिथल्या क्लबात जाऊन बसता येतं आणि अनोळखी शहरात वीस-पंचवीस ओळखी होतात.

बैठकीचा साचा ठरलेला: घंटा, राष्ट्रगीत किंवा प्रार्थना, सचिवांच्या सूचना, वाढदिवस, मग वक्ता, आभार, आणि शेवटी 'फेलोशिप', म्हणजे जेवण. बऱ्याच ठिकाणी 'फोर वे टेस्ट' म्हटली जाते. हे खरं आहे का, सर्वांना न्याय्य आहे का, सद्भावना आणि मैत्री वाढेल का, सर्वांच्या हिताचं आहे का, हे ते चार प्रश्न. १९३२ मध्ये हर्बर्ट टेलर या गृहस्थाने ते लिहिले, शिकागोतली एक दिवाळखोरीच्या काठावरची ॲल्युमिनियम भांड्यांची कंपनी सावरण्यासाठी. रोटरीने ते नंतर उचलले. मुळात ती बुडत्या धंद्याची आचारसंहिता आहे हे कळल्यावर व्यापारी माणसाला ती जरा जवळची वाटते.

दर आठवड्याला बैठक म्हणजे दर आठवड्याला वक्ता हवा, आणि रोटरीचं बळ व दुखणं दोन्ही इथेच आहे. बळ असं की बजेटनंतर सीए येतो, पावसाळ्याआधी सर्पमित्र येतो, पोलीस निरीक्षक ऑनलाइन फसवणुकीवर बोलतात, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मुख्याध्यापिका येतात. एरवी ज्यांच्याकडे काम असल्याशिवाय आपण जात नाही, असे लोक समोर बसून बोलतात. दुखणं असं की कार्यक्रमप्रमुखाची दमछाक होते आणि मग कोणाच्या तरी मेहुण्याचं 'सकारात्मक विचारसरणी'वरचं भाषण ऐकावं लागतं. वर्षातून दोनदा हमखास.

वेळही मोजका असतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून मराठी श्रोत्याला ऐसपैस व्याख्यानाची सवय आहे. क्लबात वक्त्याला वीस-पंचवीस मिनिटं मिळतात, त्यातली पाच परिचयात जातात. विषय खोलात जाणार नाही. ज्यांना खोली हवी त्यांनी व्याख्यानमालेलाच जावं, क्लबात तो माणूस ओळखीचा होतो हा फायदा.

लायन्स: करायची घाई असेल तर

मेल्विन जोन्स हा शिकागोचाच, विमा व्यवसायातला. १९१७ मध्ये त्याने वेगवेगळ्या व्यापारी मंडळांना एका छत्राखाली आणलं. १९२५ साली हेलन केलर यांनी ओहायोतल्या अधिवेशनात लायन्सना अंधांचे कैवारी व्हा अशी हाक दिली आणि डोळ्यांचं काम या संस्थेला कायमचं चिकटलं. (ज्या संस्थेला एका स्त्रीने दिशा दिली, तिने स्त्रियांना सभासदत्व दिलं १९८७ मध्ये. रोटरीनेही १९८९ पर्यंत वाट पाहिली, तेही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात हरल्यावर.) भारतात पहिला लायन्स क्लब १९५६ मध्ये मुंबईत निघाला. आज आपल्याकडे 'लायन्स' म्हटलं की मोतीबिंदू शिबिरच डोळ्यांपुढे येतं.

बैठका सहसा महिन्यातून दोन, कुठे एकच. त्यातही कामकाज जास्त: शिबिराची तारीख, रुग्णांना न्यायला गाडी कोणाची, जेवणाचा खर्च कोण उचलणार. पाहुणा वक्ता हा बैठकीचा गाभा नसतो, असला तर असतो. संध्याकाळी आठपर्यंत दुकान सोडता येत नाही, भाषणांचा कंटाळा आहे, पण रविवारी सकाळी शिबिरात उभं राहायला तयार आहात, अशांना लायन्स जास्त मानवतं.

वातावरणही थोडं मोकळं. 'टेल ट्विस्टर' हे पद तुम्हाला इतर कुठे सापडणार नाही. बैठकीत हशा पिकवायचा आणि सभासदांना किरकोळ कारणांवरून दंड करायचा, हे त्याचं अधिकृत काम. टाय घातला म्हणून दंड, नाही घातला म्हणूनही दंड. त्याला स्वतःला मात्र हजर सभासदांनी एकमताने ठरवलं तरच दंड होतो. पैसे क्लबच्या खात्यात जातात. रोटरीत हे काम काही ठिकाणी सार्जंट, म्हणजे बैठकीची शिस्त सांभाळणारा पदाधिकारी, करतो, पण लायन्सइतक्या थाटात नाही.

आणखी एक व्यवहाराचा मुद्दा. लायन्समध्ये कुटुंब सभासदत्व आहे: घरातला पहिला सभासद पूर्ण आंतरराष्ट्रीय शुल्क भरतो, बाकीचे निम्मं. नवरा-बायको दोघांनी मिळून यायचं असेल तर हिशोब इथे बरा पडतो. रोटरीत बायको सभासद नसली तर पूर्वापार तिला 'ॲन' म्हणत आले आहेत, मुलं 'ॲनेट'. काहींना हे गोड वाटतं, काहींना अजिबात नाही. स्वतःचं वेगळं व्यासपीठ हवं असणाऱ्या स्त्रियांसाठी इनर व्हील आहे, १९२४ मध्ये मँचेस्टरला सुरू झालेलं. कित्येक गावांत इनर व्हीलच्या बैठका शेजारच्या रोटरीपेक्षा वेळेवर सुरू होतात.

कामात फरक आहे का?

गावपातळीवर फारसा नाही. वर मात्र आहे. रोटरीचा शिक्का पोलिओवर आहे. १९८५ पासून तिने हे काम हाती धरलं. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा आपला सगळा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या रविवारांना बूथवर उभे राहिलेले, आरोग्य सेविकांना चहा-नाश्ता पोचवणारे सभासद प्रत्येक जुन्या क्लबात भेटतील. त्यांच्या शेजारची खुर्ची पकडा.

मोठ्या पैशाचं काम करायचं असेल तर रोटरीची 'ग्लोबल ग्रँट' माहीत असू द्या. प्रकल्प किमान तीस हजार डॉलरचा लागतो, परदेशातला एक भागीदार क्लब लागतो, आणि गावाची गरज आधी तपासल्याचं दाखवावं लागतं. कागदपत्रांचा जाच आहे, पण डायलिसिस यंत्रं किंवा शाळांची कामं अशा वाटेने उभी राहतात. लायन्सचंही १९६८ पासूनचं स्वतःचं प्रतिष्ठान आहे. तिथेही अनुदानं मिळतात.

वर्गणीखेरीज देणगीचा आग्रह दोन्हीकडे होतो आणि आकडाही योगायोगाने एकच आहे: हजार डॉलर. तिकडे दिले तर 'पॉल हॅरिस फेलो', इकडे दिले तर 'मेल्विन जोन्स फेलो'. नावापुढे 'पीएचएफ' किंवा 'एमजेएफ' लागतं, पत्रिकेवर छापलं जातं. ऐच्छिक आहे हे लक्षात ठेवा. नव्या सभासदाला पहिल्याच वर्षी त्यासाठी गळ घालणाऱ्या क्लबपासून चार पावलं लांब राहिलेलं बरं.

जेसीज आणि जायंट्स

वय चाळिशीच्या आत असेल आणि माईक हातात आला की घाम फुटत असेल, तर आधी जेसीआय (ज्युनिअर चेंबर इंटरनॅशनल), म्हणजे आपल्या बोलीतलं जेसीज. वयोमर्यादा १८ ते ४०. इथे पाहुणा वक्ता कमी आणि प्रशिक्षक जास्त. तो बोलून जात नाही, तुम्हाला बोलायला लावतो. सूत्रसंचालन, आभारप्रदर्शन, सभेचे नियम हे सगळं इथे हाताने करून शिकता येतं. पद एका वर्षाचं, जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे कामाची संधी लवकर मिळते. चाळिशी उलटल्यावर यातले बरेच जण रोटरी-लायन्समध्ये जातात आणि तिथले उत्तम सचिव होतात.

जायंट्स ही आपल्याच मातीतली, १९७२ मध्ये नाना चुडासमांनी मुंबईत सुरू केलेली. मरीन ड्राइव्हवरचे खोचक फलक लावणारे तेच हे माजी नगरपाल. वरून ठरवून आलेल्या उपक्रमांचा भार तुलनेने कमी. काही गावांत जायंट्सचा ग्रुप जोरात आहे, काही ठिकाणी फक्त लेटरहेडवर. म्हणून इथे स्थानिक चौकशीला पर्याय नाही.

बैठकीत काय बघायचं

सभासद होण्याआधी पाहुणे म्हणून जा, आणि निदान दोनदा जा. पदग्रहण सोहळ्याला किंवा प्रांतपालांच्या (अनेक क्लबांवरच्या प्रमुखांच्या) भेटीच्या दिवशी जाऊन मत बनवू नका. त्या दिवशी सगळेच वेळेवर येतात. मधल्या एखाद्या सुस्त बुधवारी जा.

पहिलं, वक्ता बोलताना मागच्या रांगेकडे बघा. मोबाईल किती, कुजबुज किती. दुसरं, भाषण संपल्यावर प्रश्न कोण विचारतं. कोणीच नाही आणि खुर्च्या बुफेकडे वळल्या, तर तो जेवणाचा क्लब आहे. वाईट नाही, पण तसं माहीत असावं. तिसरं, ज्या वक्त्याला रिकाम्या हाताने येऊन शाल-श्रीफळ घेऊन जाताना बघितलंत, त्याच्याशी नंतर कोणी संपर्क ठेवतं का, हे एखाद्या साध्या सभासदाला विचारा. अध्यक्षांना नको. मुख्याध्यापिका बोलून गेल्या की मुलींसाठी स्वच्छतागृह नाही म्हणून सातवीनंतर शाळा सुटते. त्यानंतरच्या तीन महिन्यांत क्लबातलं कोणी त्या शाळेत गेलं का? गेलं असेल तर पाटी रोटरीची आहे की लायन्सची हा प्रश्न माझ्या दृष्टीने मिटला.

स्त्री सभासद किती आणि त्यांच्यातली एखादी कधी अध्यक्ष झाली का, हेही पाहा. पस्तिशीच्या आतले किती, तेही. सगळेच माजी अध्यक्ष असलेल्या क्लबात नव्या माणसाला हार आणणे आणि फ्लेक्स लावणे ही दोनच कामं मिळतात.

आणि वेळेचा हिशोब. रोटरी आणि लायन्स दोघांचंही वर्ष १ जुलैला सुरू होतं, आंतरराष्ट्रीय शुल्काची आकारणी जुलै आणि जानेवारीत होते. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये पाहुणे म्हणून बैठका बघाव्यात, मे महिन्यात नवे पदाधिकारी कामं वाटायला लागतात तेव्हा होकार द्यावा. खजिनदारांना एक गोष्ट लेखी विचारून घ्या: वर्गणीत जेवण धरलं आहे की वेगळं. बहुतेक भांडणं याच एका ओळीवरून होतात.