घरच्या सर्व्हिसिंगनंतर गाडी मिसिंग करतेय: आधी स्कॅनर घ्यावा की व्हॅक्यूम गेज?

ऑइल बदललं, एअर फिल्टर आणि प्लग नवे घातले, थ्रॉटल बॉडी साफ केली. गाडी सुरू केली तर आयडलिंगला थरथरते, नाहीतर रेस आपोआप वर-खाली होते. १९९८ ते २०१२ च्या दरम्यानची पेट्रोल एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणारी) गाडी असेल आणि हजार-पंधराशे रुपयांत एकच उपकरण घ्यायचं असेल, तर निवड ब्लूटूथ स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड आणि आकडे मोबाइलवर दाखवणारा) आणि व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती जोराने ओढतं ते सुईने दाखवणारा) यांच्यात होते. कार्ब्युरेटरच्या गाडीला स्कॅनरचा उपयोग नाही. डिझेलमध्ये थ्रॉटल त्या अर्थाने नसतो, त्यामुळे तिथे गेजचा उपयोग नाही.

काहीही विकत घेण्याआधी एक गोष्ट. सर्व्हिसिंगच्या आधी गाडी नीट चालत असेल, तर दोष बहुतेक वेळा जिथे हात लागला तिथेच असतो. प्लगच्या टोप्या टक् आवाज होईपर्यंत दाबा. फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा, डिपस्टिक आणि ऑइलचं झाकण पाहा. पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत आत ओढून घेणारी) नळी डब्याच्या मागच्या बाजूला असते. डबा उचलताना ती निसटते आणि वरून दिसत नाही.

स्कॅनर कुठे हुकमी चालतो ते आधी सांगतो. कूलंटच्या किंवा हवेच्या तापमान सेन्सरचा कनेक्टर लावायचा राहिला, तर बऱ्याच गाड्यांत स्क्रीनवर उणे ४० अंश दिसतं. दोषाचा कोड कूलंटचा असेल तर पी०११८, हवेचा असेल तर पी०११३. मे महिन्यात उणे ४० दिसलं की तार सुटली आहे, वेगळा पुरावा लागत नाही. अशा वेळी ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) इंजिन गार समजून जास्त पेट्रोल देऊ शकतो. प्लग काळे पडतात, धुराला पेट्रोलचा वास येतो. हा दोष गेजवर इतका स्वच्छ दिसत नाही. सेन्सर आणि वायरिंगच्या बाबतीत स्कॅनरला पर्याय नाही, हे मान्य करायला हवं.

पण तो गाडीशी बोलायला तरी हवा. आपल्याकडे ओबीडीची (गाडीने स्वतःचे दोष नोंदवायच्या व्यवस्थेची) सक्ती २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीच्या गाडीत सोळा पिनांचा सॉकेट दिसला तरी आतली भाषा कंपनीची स्वतःची असू शकते. जुन्या मारुतींत तर स्वस्त स्कॅनर बऱ्याचदा जोडलाच जात नाही. तिथे डायग्नोसिस जोडणीच्या दोन टोकांत तारेचा तुकडा घालून चेक इंजिनचा दिवा मोजायचा: एक लुकलुक, थोडा विराम, मग दोन. हा १२ चा कोड, म्हणजे दोषाची नोंद नाही. टोकं मॉडेलनुसार बदलतात, मॅन्युअल पाहूनच तार घाला.

आता ज्या एका गोष्टीमुळे माझा कल गेजकडे झुकला ती. ९०० आरपीएमला प्रत्येक सिलिंडर सेकंदाला साडेसात वेळा पेटतो. जुन्या के-लाइनच्या (ईसीयूशी एका तारेवरून बोलणाऱ्या) गाडीत डेटाचा वेग सेकंदाला जेमतेम १०.४ किलोबिट, त्यामुळे चार-पाच आकडे एकत्र पाहायला गेलं तर प्रत्येक आकडा सेकंदाला एखाद-दोन वेळाच बदलतो. एक सिलिंडर मधूनच चुकतोय हे कानाला कळतं, सीटला कळतं, आणि स्क्रीनवर मात्र शांत आकडा. त्यात २०१३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांत मिसफायर ओळखायची सोयच ईसीयूत नाही, म्हणून कोडही येत नाही. ‘नो फॉल्ट’ वाचून माणूस चांगली कॉइल बदलतो. गेजची सुई त्याच क्षणी झटका देते.

दुसरं कारण जास्त तांत्रिक आहे. मारुतीच्या बऱ्याच जुन्या एमपीएफआय गाड्या मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या पाइपमधला) दाब मोजून पेट्रोल ठरवतात. नळी सुटून जादा हवा आत गेली की दाब वाढतो, ईसीयू त्या प्रमाणात पेट्रोलही वाढवतो. मिश्रण फारसं बिघडत नाही, फक्त आयडल वर जातं. ‘लीन’चा (हवा जास्त, पेट्रोल कमी) पी०१७१ कोड येईल म्हणून वाट पाहणाऱ्याला तो येतच नाही.

गेज लावायचा तो थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डकडच्या बारीक नळीत टी-जोड घालून. मॅप सेन्सरची (मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची) नळी तोडून ठेवू नका. इंजिन फॅन एकदा लागेपर्यंत तापवा, एसी बंद ठेवा. मुंबईत निरोगी इंजिन पाऱ्याचे १७ ते २१ इंच, म्हणजे ४३ ते ५३ सेंटिमीटर दाखवतं. उंचीच्या दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरा: पुण्यात दोन इंच, महाबळेश्वरला चारेक इंच. हा हिशेब विसरला की पुण्यातली चांगली गाडी आजारी वाटते. तीन सिलिंडरच्या इंजिनात सुई मुळातच थोडी थरथरते. फिशटँकच्या हवेच्या नळीला लागतो तो छोटा व्हॉल्व्ह गेजच्या नळीत घालून किंचित आवळा, पण फार नको, नाहीतर हवे ते झटकेही दबतील.

सुई स्थिर पण तीन ते पाच इंच खाली असेल, तर हवेची गळती किंवा मागे पडलेलं टायमिंग (ठिणगी उशिरा पडणं). डिस्ट्रिब्युटरला (प्लगना करंट वाटून देणाऱ्या भागाला) हात लागला नसेल तर गळतीच धरा. फडकं गुंडाळलेल्या पक्कडीने एकेक नळी हलकेच दाबा. जिच्यावर सुई वर उडते, गळती तिच्याच वाटेवर. मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर साध्या पाण्याचा फवारा मारा, कार्ब क्लीनर नको, गरम सायलेन्सरवर तो पेट घेतो. ठरावीक तालात सुई पडत असेल तर एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह. मधूनच, बेताल पडत असेल तर प्लग किंवा त्याची वायर. रात्री अंधारात वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला की गळका करंट निळा दिसतो. त्या वेळी वायरींना हात लावू नका. २५०० आरपीएमला धरून ठेवल्यावर सुई हळूहळू उतरत गेली तर सायलेन्सर किंवा कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) तुंबलेला.

गेजला शिकावं लागतं, हा त्याचा खरा तोटा. पहिल्या दिवशी सुई बघून काही कळत नाही. म्हणून सर्व्हिसिंगला हात घालण्याआधीच एकदा गेज लावून आकडा फिल्टरच्या डब्यावर मार्करने लिहून ठेवावा. सीएनजी किटची गाडी असेल तर दोन्ही उपकरणं पेट्रोलवरच वापरा, कारण किटचा इम्युलेटर ईसीयूला खोटे सिग्नल देतो.

गाडी २०१३ नंतरची असेल किंवा सर्व्हिसिंगमध्ये बरेच कनेक्टर काढले असतील, तर कदाचित स्कॅनर आधी घेणं योग्य. त्याआधीच्या गाडीला मी गेजच घेईन आणि उरलेल्या पैशांत टी-जोड, दोन मीटर व्हॅक्यूम नळी आणि फीलर गेज (प्लगची फट मोजायच्या पात्या). मात्र थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर आयडल थोडं वर राहिलं, तर लगेच निदानाला बसू नका. बऱ्याच गाड्यांचा ईसीयू ते पुन्हा शिकतो. आधी बॅटरीचे टर्मिनल घट्ट करून वीसेक किलोमीटर चालवा, मग गेज लावा.