सोनचाफा पिवळा पडलाय: हिराकस की खुरपी?

इंदूरच्या काळ्या मातीत सोनचाफा लावणं हा तसा हट्टच. कोकणातल्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत रमणारं झाड. आपली माळव्याची माती चुनखडीची, वैशाखात भेगाळणारी आणि आषाढात पाणी धरून बसणारी. तरी इथल्या मराठी घरांना दारात तो हवाच असतो. मग तो रोडावला की दोन सल्ले मिळतात: हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) फवारा, नाहीतर बुंध्याशी उकरून बघा. मी दोन्ही करून बसलोय.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर झाडाला लोह मिळत नाहीये. (खालची जून पानं आधी पिवळी पडत असतील तर दुखणं वेगळं.) मातीत घातलेला हिराकस चुनखडी अडकवून ठेवते, म्हणून तो पानांवरच मारायचा: लिटरला 5 ग्रॅम, वर थोडं लिंबू, ऊन उतरल्यावर. आठ-दहा दिवसांत आमचा चाफा हिरवा दिसायला लागला. पण पुढची पालवी पुन्हा पिवळी, की पुन्हा पंप खांद्यावर.

आणि ते डाग! आमच्या अंगणात कोटा फरशी. थेंब उडतात तेव्हा कळतही नाही. दुसऱ्या दिवशी तुळशीच्या कट्ट्यापासून पायरीपर्यंत गंजाचे ठिपके. साबणाने हलले नाहीत. ॲसिड लावलं तर डागाबरोबर फरशीची चमकही गेली. दोरीवरच्या आईच्या पांढऱ्या साडीवरही चार ठिपके निघाले, तेव्हा घरात पंप काढायची सोय राहिली नाही. खरं सांगायचं तर खुरपी हातात आली ती या भांडणामुळे, शहाणपणामुळे नव्हे.

उकरण्यात एक रविवार जातो आणि कंबर धरते. पेव्हर बसवताना गवंड्याने उरलेली माती आणि मुरूम बुंध्याभोवती लोटून छान आळं करून दिलं होतं. बुंधा जमिनीशी पसरट व्हायला हवा. आमचा खांबासारखा सरळ आत गेलेला. खूण समोरच होती, मी पानांकडे बघत बसलो. वीतभर खाली साल काळी, ओली, आंबूस वासाची. वरच्या फांदीवर नखाने खरवडलं तर हिरवं, इथे तपकिरी. त्यात पिशवीत वाढलेल्या कलमाचं एक मूळ करगोट्यासारखं बुंध्याला आवळून बसलेलं. ते छिन्नीने तोडलं, सडकी साल काढली, बुंधा उघडा वाळू दिला आणि पाणी गेटाकडे निघेल असा चर काढला. मुळांशी पाणी तुंबलं तरी झाडाला लोह उचलता येत नाही, पानं तशीच पिवळी पडतात. मी वरून औषध मारत होतो आणि खाली झाड गुदमरत होतं.

पहिल्या वर्षी काहीच फरक दिसला नाही, हे कबूल. दुसऱ्या श्रावणात फवारणीशिवाय हिरवी पालवी आली, पाच-सहा फुलंही.

एका झाडावरून निकाल देऊ नये. तुमचा बुंधा मोकळा असेल, पाणी तुंबत नसेल, तर हिराकसच बरा पडेल. अर्ध्याहून जास्त घेर सडला असेल तर दोन्हीचा फारसा उपयोग होईल असं वाटत नाही. एरवी मात्र मृग लागायच्या आत एकदा उकरून बघाच. मधल्या काळात एखादी फवारणी केलीत तर खाली जुनी ताडपत्री अंथरा आणि दोरीवरचे कपडे आधी आत घ्या.