पट्टीखाली कलम नव्हतेच

बार्टलेट जातीच्या नासपतीचे कलम म्हणून मी जे रोप विकत घेतले, ते मुळात कलमच नव्हते, हे कळायला मला पाच वर्षे लागली. रोपाला पिवळ्या फळाचे चित्र असलेली चिठ्ठी बांधलेली होती आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडाला कलमाची प्लास्टिकपट्टी गुंडाळलेली होती. खऱ्या कलमात जोडाच्या जागी गाठ किंवा किंचित बाक दिसतो. वर्षभराने पट्टी सोडली तेव्हा माझ्या रोपाचे खोड तिथे सरळ आणि एकसारखे होते. जोड उत्तम भरून आला, असे समजून मी उलट समाधान मानले!

दुसऱ्या वर्षी फांद्यांवर काटे आले. बियांपासून वाढलेल्या नासपतीला कोवळ्या वयात असे काटे बरेचदा येतात, हे मला ठाऊक नव्हते, आणि विक्रेत्याने ‘छाटून टाका’ एवढेच सांगितले. पुढे लांब देठाची चकचकीत पाने, पांढऱ्या पाकळ्या आणि तांबूस-जांभळे परागकोश (सफरचंदाचे पिवळे असतात) पाहून मी निर्धास्त झालो. ही लक्षणे खरी होती, पण त्यांवरून झाड नासपतीचे आहे एवढेच ठरते, जात ठरत नाही. फुलांना येणाऱ्या कुबट वासाकडे मी काणाडोळा केला.

पाचव्या वर्षी गोटीपेक्षाही लहान, तपकिरी, ठिपकेदार आणि दगडासारखी कठीण फळे धरली, तीही शेजारच्या बागेत नासपतीचे दुसरे झाड असल्यामुळेच, कारण ‘एकटे झाड भरपूर फळते’ हा विक्रेत्याचा दावा बहुतेक जातींना लागू पडत नाही. वास आणि फळे ताडून पाहता झाड कॅलेरी नासपतीचे निघाले. तिची रोपे चांगल्या जातींची कलमे बांधण्यासाठी खुंट, म्हणजे ज्यावर दुसऱ्या जातीची काडी जोडतात ते मुळांसकटचे खालचे रोप, म्हणून वापरतात. म्हणजे मला नुसता खुंट विकण्यात आला होता. ‘वरचे कलम मेले असेल आणि खुंट फुटला असेल’ असे विक्रेत्याने सुचवले. असे घडते खरे, परंतु तेव्हा फुटवा जोडाच्या खालून निघतो आणि वरचा भाग वाळून जातो. माझ्या झाडाचे खोड मुळापासून शेंड्यापर्यंत एकच होते. हे लिहून कळवल्यावर त्याचे उत्तर आले नाही.

झाड मी तोडले नाही. पानगळीनंतर शेजारच्या झाडाच्या चार काड्या आणून त्याच्या फांद्यांवर पाचर कलमे (फांदीला चीर देऊन तीत पाचरीसारखी तासलेली काडी बसवणे) बांधली. त्यांपैकी दोन फुटली आहेत, आणि जोडांखाली येणारे काटेरी फुटवे मी दर आठवड्याला खुडतो आहे.