निराधारांना घरपोच डबे द्यायचं काम देतो म्हणून कोणी आलं तर

आमच्या दारव्हा तालुक्यात (जि. यवतमाळ) मागच्या हिवाळ्यात एक माणूस बचत गटांना भेटत फिरला. गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. एकटे राहणारे म्हातारे, अपंग, अंथरुणाला खिळलेले अशांच्या घरी दोन वेळचा डबा पोचवायची योजना आली आहे आणि तालुक्यात मोजकेच गट 'मान्यताप्राप्त पुरवठादार' होणार, असं तो सांगायचा. डब्यामागे ७० रुपये, थेट गटाच्या खात्यात. आमच्या गटाचे ३१,५०० रुपये त्याच्याकडे गेले. आमच्यासारखे आणखीही गट आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते.

असं काही निघू शकतं, हे कुणालाही पटलं असतं. शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली ती आम्ही पाहिलेली. ग्राहकाकडून १० रुपये आणि ग्रामीण भागात केंद्रचालकाला वरून २५ रुपये अनुदान. शाळेतला पोषण आहारही गावोगावी बायाच शिजवतात. गरज तर प्रत्येक गल्लीत दिसते. पोरं पुण्याला, नागपूरला. इकडे म्हातारी सकाळी थापलेली भाकर संध्याकाळी पाण्यात भिजवून खाते.

शिवाय या माणसाने सुरुवातीला एक रुपयाही मागितला नाही. आधी 'किचन पाहणी' केली. गंजावरचं झाकण काढून पाहिलं, पाणी कुठून भरता विचारलं, आमची नखं पाहिली. वरण चाखून म्हणाला, "काकू, मीठ जास्त आहे, बीपीच्या माणसाला हे चालत नाही." आणि आम्हाला नापास केलं! खिडकीला जाळी नाही, कचऱ्याच्या डब्याला झाकण नाही, असं लिहून दिलं. आम्ही जाळी ठोकली, डबा आणला, तेव्हा दुसऱ्या खेपेला पास. पैसे खायला आलेला माणूस नापास कशाला करेल, असंच सगळ्या बायांना वाटलं. तो मुरलेला होता.

मग त्याने अन्नसुरक्षेची नोंदणी करून दिली. ही नोंदणी खरी होती. त्या वेळी वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असलेल्यांना फॉस्कॉस या अन्नसुरक्षेच्या सरकारी पोर्टलवर ती आपली आपणच करता यायची आणि तिची फी वर्षाला १०० रुपये होती. त्याने ४,५०० घेतले. प्रमाणपत्र आलं, त्यावर १४ आकडी क्रमांक. माझ्या भाच्याने तो ऑनलाइन तपासला, बरोबर निघाला. तिथेच आमचा विश्वास पक्का बसला. पण त्या कागदाने फक्त अन्न विकायची नोंदणी होते, काम द्यायला कोणी बांधील नसतं. खऱ्या कागदाच्या पाठोपाठ त्याने खोटं 'मंजुरीपत्र' आणलं आणि मग २५,००० अनामत, २,००० प्रशिक्षणाचे. पैसे एका माणसाच्या नावावर फोन पे करायला लावले. "संस्थेचं खातं अपडेट होऊन राह्यलं," म्हणे.

त्या पत्रावर राजमुद्रा होती, शासन निर्णयाचा क्रमांकही होता. खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी तो maharashtra.gov.in वर उपलब्ध असल्याचं लिहून संकेतांक दिलेला असतो, त्या आकड्याची सुरुवात वर्ष, महिना, दिवस अशी असते. आमच्या पत्रात संकेतांक नव्हताच आणि दिलेल्या क्रमांकाने शोधलं तर काहीच सापडलं नाही. खाली ईमेल जीमेलचा. सरकारी कार्यालयाचा अधिकृत ईमेल पत्ता सहसा gov.in किंवा nic.in ने संपतो. सरकारी पुरवठ्याचं काम असेल तर जाहिरात निघते, निविदा निघते, अनामत भरायची रीत त्यातच लिहिलेली असते. ती कुणाच्या फोन पेवर जात नाही. तहसीलच्या संजय गांधी शाखेत विचारलं, तर अशी योजना आमच्याकडे नाही म्हणाले. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या दोन्हींत मिळतो तो पैसा, आणि तो लाभार्थ्याच्याच खात्यात जातो.

पैशापेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त लागते. त्याने आमच्याकडून 'लाभार्थी यादी' करून घेतली. गावातले एकटे म्हातारे कोण, कोणाला दिसत नाही, कोणाचं पोरगं बाहेर आहे. सोबत आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स, फॉर्मवर शाईचे अंगठे. आधारवरून पैसे काढायला आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा लागतो, आणि हे सगळं त्याच्या फाइलमध्ये आहे. परवापर्यंत एक आजी मला विचारत होती, "मी त अंगठा देल्ला न बाई, डबा कधी सुरू होते?"

आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे बोटाच्या ठशाचा वापर, लॉक करता येतं, आधारच्या ॲपवर किंवा वेबसाइटवर. पण त्यासाठी मोबाइल आधारला जोडलेला पाहिजे, आणि आमच्या यादीतल्या बहुतेकांचा नव्हता. एकेकाला ऑटोत बसवून आधार केंद्रावर नेलं. काही जण अजून राहिले आहेत. आधारची हेल्पलाइन १९४७.

पैशाची तक्रार सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर करायची, आणि लवकर, म्हणजे रक्कम पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं. आमचं तिथेच हुकलं, कारण तो फोन बंद करून पळाला नव्हता. महिनाभर उचलायचा. "काकू, फाइल वर गेली आहे, टेन्शन नका घेऊ." ठाण्यात तक्रार दिली तेव्हा फोन पेचे स्क्रीनशॉट, मंजुरीपत्र आणि त्याचे व्हॉट्सॲप मेसेज कामी आले. ज्या गटांनी नगदी दिले, त्यांच्याकडे दाखवायला पावतीसुद्धा नाही.

आता नवीनच सुरू झालं आहे. परवा एका वेगळ्याच माणसाचा फोन आला की तुमची अनामत परत मंजूर झाली, १,५०० रुपये प्रोसेसिंग फी टाका. गटाचं नाव, रक्कम, बँकेची शाखा, सगळं त्याला तोंडपाठ होतं. शेजारच्या गावच्या गटालाही तोच फोन आला आहे.