घरात कुत्रं असेल तर नक्की जा, नान्नजकडच्या माळावरचं हे फार्मस्टे

सोलापूरच्या आसपास कुत्र्याला घेऊन राहता येईल अशी जागा शोधणं म्हणजे काय असतं ते ज्याच्या घरी कुत्रं आहे त्यालाच विचारा. फोनवर सगळे म्हणतात हो हो आणा की, चालतंय, आणि तिथं पोचलं की गाडीच्या शेडमध्ये साखळीला बांधा म्हणतात. मागं एका ठिकाणी (नाव घेत नाही) आमच्या राणीला रात्रभर बाहेर बांधायला सांगितलं होतं, पैसे भरलेले असताना आम्ही जेवून रात्रीच परत निघालो होतो, पोरं गाडीत रडत होती. त्यामुळे यावेळी जरा जास्तच चौकशी करून बुकिंग केलं आणि आता आल्यावर लगेच लिहितेय, कारण अशा जागांबद्दल नीट माहिती कुणी लिहीतच नाही, नुसतं पाच स्टार देऊन मोकळे होतात.

जायचं कारण गड्डा, म्हणजे आपली सोलापूरची सिद्धरामेश्वरांची जानेवारीतली यात्रा. आता गड्डा आम्हाला नको असतो असं नाही हां, सिद्धरामेश्वरांचे सातही नंदीध्वज आणि भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा आम्ही कधी चुकवत नाही, यंदाही गेलो. पण होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं ना, आमचं घर तिथून लांब नाही, आणि त्या आवाजानं राणी बाथरूममध्ये जाऊन थरथरत बसते, खात नाही पीत नाही. म्हणून अक्षता झाल्या की बाहेर पडायचं असं ठरवलं. आम्ही दोघं, दोन पोरं, सासूबाई आणि राणी. राणी कारवान आहे, सांगोल्याकडनं आणलेली, लांब तोंडाची, अंगानं एकदम सडपातळ.

जागा बार्शी रोडला, नान्नजच्या पुढं आत माळावर. सोलापुरातनं तासाभराच्या आत पोचता, पण मेन रोड सोडल्यावरचा शेवटचा तुकडा म्हणजे निव्वळ पांद आहे, दोन्ही बाजूला वेड्या बाभळी आणि मध्ये दगड. छोटी गाडी खाली घासते. आमची घासली. मालकांनी फोनवर सांगितलं होतं रस्ता जरा कच्चा आहे, पण "जरा" नाहीये तो. पावसाळ्यात तर विचारूच नका.

मालकांना सगळे मामाच म्हणतात. बुकिंगसाठी फोन केला तेव्हा किती माणसं, एसी पाहिजे का, यातलं काहीच आधी विचारलं नाही, पहिला प्रश्न काय तर, "ताई, कुत्रं कुठल्या जातीचं?" कारवान म्हटल्यावर म्हणाले, "मग आधीच सांगतो, कंपाउंडच्या आत मोकळं सोडा, पण गेटच्या बाहेर पट्टा हातातनं सुटायला नको. इथं हरणं येतात, मेंढरं असतात. पटत असेल तरच या." आणि लसीचं कार्ड व्हॉट्सॲपवर पाठवायला लावलं, रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा साथीचा रोग) दोन्हीच्या तारखा बघितल्या. आमच्या ह्यांना ते जरा जास्त वाटलं, मला मात्र तिथंच विश्वास बसला. कारवान कुत्रं वासावर नाही, नजरेवर पळतं, लांबवर काही हललं की ते सुटतं आणि मग तुम्ही कितीही हाका मारा. हे ज्याला माहिती आहे तो माणूस कुत्री ओळखतो. आणि डिस्टेंपर म्हणाल तर तो रोग आपल्या कुत्र्यांकडनं खोकड, कोल्हा, लांडगा यांना लागतो, माळावर एकदा शिरला की तिथं कोण लस टोचणार. ही विचारपूस खरं तर प्रत्येक ठिकाणी व्हायला पाहिजे.

कंपाउंड बघून तर मी खूशच झाले. माणसाच्या उंचीच्या वर जाळी, आणि जाळीचा खालचा भाग जमिनीत गाडलेला, म्हणजे उकरून खालनं निघायची सोय नाही. आत चांगली मोठी मोकळी जागा, लिंबाची झाडं, पाण्याची दगडी डोणी. राणीला पट्टा काढून सोडलं आणि ती जी पळाली, गोल गोल, कान मागं, मागचे पाय पुढच्या पायांच्या पुढं पडतायत असं, आमच्या गल्लीत तिला असं पळायला कधी मिळतच नाही. धाकटा नुसता बघत उभा होता आणि मग तोही तिच्या मागं पळायला लागला. सासूबाई, ज्या घरात तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नाहीत, त्या बाजेवर बसून म्हणाल्या, "पळू दे गं, किती दिवसांनी पळतीय बिचारी."

खोल्या साध्या. शहाबादी फरशी, लोखंडी पलंग, सोलापुरी चादरी, भिंतीला नुसता चुना. टीव्ही नाही, ते बरंच आहे. कुत्र्याला खोलीत झोपू देतात, नुसतं देतात नाही तर तिच्यासाठी वेगळी जुनी गोधडी घडी करून ठेवलेली होती. कारवानच्या अंगावर केस किती असतात, जानेवारीतल्या माळावरच्या गारठ्यात तिला ती लागलीच. स्वच्छता चांगली. फक्त अंघोळीच्या पाण्याचं बघा, सोलरचं पाणी सकाळी कोमटच येतं, मग बंब पेटवतात आणि नंबर लावावा लागतो. दोन कुटुंबं असतील तर नऊ वाजेपर्यंत अंघोळी चालतात. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाताय तर आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

जेवणाबद्दल किती लिहू. हुरड्याचा सीझन होता, आगटी पेटवलेली, शेणाच्या गोवऱ्यांचा धूर, मामी कणसं निखाऱ्यात खोचायच्या आणि मामा गरम कणीस दोन्ही तळव्यात धरून असं चोळायचे की दाणे ताटात आणि कोंडा एका फुंकरीत बाहेर. सोबत शेंगाची चटणी, घट्ट दही, गूळ, बोरं. पोरं एरवी हुरडा म्हटलं की नाक मुरडतात, इथं थोरली ताटावरनं उठायला तयार नव्हती. रात्री कडक भाकरी आणि आमटी, दुसऱ्या दिवशी धपाटे. तिखट आहे हां, आपल्या सोलापूरकरांना चालतंय पण पुण्याचे पाहुणे असतील तर सांगून ठेवा. राणीला वेगळं शिजवलं, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून आणि उकडलेली अंडी, मीठ न घालता. मामींनी आधी विचारून घेतलं तिला काय सोसतं काय नाही. कांदा लसूण तिच्या ताटलीत अजिबात नव्हता, कुत्र्याला कांदा बाधतो हे त्यांना माहिती होतं.

आता एक गोष्ट, जी वाचून तरी लक्षात ठेवा. नान्नज म्हणजे द्राक्षाचं गाव, सोनाका जात इथल्याच नानासाहेब काळेंनी काढलेली. फार्मला लागूनच बाग आहे, आणि जानेवारीत घड भरलेले असतात, चार मणी खाली पडलेले असतात. द्राक्षं आणि बेदाणे दोन्ही कुत्र्याला विष आहे. किडनी निकामी होते. किती खाल्ली तर होतं याचा काही नेम नाही, एखाद्याला मूठभर पचतात आणि एखादं दोन-चारात जातं, म्हणून एकही द्यायचं नाही. उलट्या सुरू व्हायची वाट न बघता सरळ डॉक्टर गाठायचा. आपल्याकडे पोरं लाडानं कुत्र्याला द्राक्षं भरवतात, मी स्वतः कितीतरी घरांत बघितलंय. बागेकडे जायच्या गेटला मामांनी कायम कडी घातलेली असते आणि जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर स्वयंपाकघराच्या दारावर खडूनं लिहिलेला आहे. या एका गोष्टीसाठी मी या जागेला शंभर टक्के मार्क देते.

सकाळी माळावर फिरायला गेलो, राणी पट्ट्यात. वाळलेलं गवत सगळीकडे, पिवळंधमक, त्यात कुसळं. कुसळ म्हणजे टोकदार असतं आणि ते उलटं निघत नाही, पुढंच सरकत जातं, कुत्र्याच्या बोटांच्या मध्ये, कानात शिरलं तर आत जखम होऊन पू होतो. त्यात सराटे. पाच मिनिटांत राणी एक पाय उचलून उभी. मामांनी तिला मांडीवर आडवं घेतलं, तिचं तोंड स्वतःच्या काखेत दाबलं म्हणजे तिला दिसायला नको, आणि अंगठ्यानं बोटं फाकवून एकेक सराटा काढला, तिनं चूं केलं नाही. मग मागच्या पायाच्या पंजात एक कुसळ निघालं, अर्धं आत गेलेलं, ते मला दिसलं पण नसतं. परत आल्यावर रोज कान, काखा, बोटांच्या बेचक्या तपासायच्या, तिथंच गोचीड पण लपतो. शेळ्या-मेंढ्यांच्या वाटेवर गोचीड असणारच, त्यानं टिक फीवर होतो, निघायच्या आधी गोचिडाचं औषध लावूनच न्या.

तेवढ्यात लांबवर काळविटांचा कळप दिसला. नर काळाकुळकुळीत, पिळाची शिंगं, आणि माद्या एका मागं एक उंच उड्या मारत गेल्या. राणीचं सगळं अंग ताठ झालं, पट्टा असा ओढला की ह्यांच्या हाताला वळ उठला. पट्टा नसता तर काय झालं असतं सांगायला नको. भरलेल्या पोटाची मादी नुसती पळवली तरी तिचं नुकसान होतं. लोक म्हणतात आमचं कुत्रं काही करत नाही, पण करत नाही हे हरणाला कुठं माहिती असतं.

शेजारीच माळढोकचं अभयारण्य, 1979 साली झालेलं. तिथं कुत्रं नेता येत नाही आणि ते योग्यच आहे, म्हणून आम्ही पाळी लावली, आधी हे आणि पोरं गेले, मी आणि सासूबाई राणीजवळ थांबलो, मग मी गेले. माळढोक दिसेल या आशेनं मात्र जाऊ नका, आता तो इथं जवळजवळ संपलाच आहे, वाईट वाटतं. पण चंडोल, भोवत्या (हे शिकारी पक्षी मध्य आशियातनं हिवाळ्यात येतात), खोकड, आणि नशीब असेल तर लांडगा, हे सगळं त्याच गवतावर जगतं. आपल्याला लहानपणापासून माळ म्हणजे पडीक जमीन असंच शिकवलंय, तिथं एक सकाळ काढून बघा. थोरलीनं वहीत पक्ष्यांची नावं लिहून आणलीत, शाळेत दाखवणार म्हणतीय.

रात्री कोल्हेकुई सुरू झाली. आधी एक, मग चहूकडनं. राणी गोधडीवरनं उठली, दाराशी गेली, कान टवकारून उभी राहिली, गुरगुरली नाही की भुंकली नाही, नुसती ऐकत होती, आणि बऱ्याच वेळानं येऊन माझ्या पलंगाखाली झोपली. अंधार पडला की कुत्रं आतच ठेवायचं असा इथला नियम आहे, अंगणात पण सोडू देत नाहीत. 2024 च्या शेवटी येडशीच्या रामलिंग अभयारण्यात वाघ आला होता, पार यवतमाळच्या टिपेश्वरकडनं चालत, आणि बार्शी भागात फिरत होता, हे सगळ्यांनी पेपरात वाचलंय. तेव्हा नियम पाळा, मामांशी वाद घालू नका. आमच्या बाजूच्या खोलीतले लोक घालत होते, त्यांचा पग होता आणि त्यांना रात्री त्याला मोकळं फिरवायचं होतं. मामांनी आवाज न चढवता नाही म्हणजे नाही सांगितलं.

तक्रारी म्हणाल तर रस्ता आणि गरम पाणी सांगितलंच. मोबाइलला रेंज गच्चीच्या एका कोपऱ्यातच येते, ज्यांना कामाचे फोन असतात त्यांनी विचार करा. कुत्र्याचे वेगळे पैसे घेतात, ते बुकिंगच्या वेळी स्पष्ट सांगितलं नव्हतं, शेवटी बिलात दिसले. रक्कम जास्त नाही आणि गोधडी, जेवण बघता मला ती योग्यच वाटते, पण आधी सांगावी एवढीच विनंती मामांना.

जाणार असाल तर हुरड्याच्या दिवसांतच जा, डिसेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर इथला मुरूम असा तापतो की कुत्र्याचे पंजे भाजतात, आणि सावली फक्त कंपाउंडच्या आत. खोली मागच्या बाजूची मागा, तिचं दार थेट अंगणात उघडतं त्यामुळे पहाटे कुत्र्याला बाहेर काढायला सगळ्यांना ओलांडून जावं लागत नाही. आणि शनिवार-रविवार सोडून जमत असेल तर बघा, पाहुणे कमी असले की बंबाचा नंबर पण लवकर लागतो.