डोळ्यांखालचे पीडीओ थ्रेड्स: वर्ष होत आलं, आता लिहितेच

पीडीओ थ्रेड्स म्हणजे कातडीखाली घालतात ते पॉलिडायॉक्सॅनोनचे, हळूहळू आपोआप विरघळणारे बारीक धागे. मी ते डोळ्यांखालच्या सुरकुत्यांसाठी करून घेतले होते. आता थेट मुद्द्यावर येते. माझ्या डाव्या डोळ्याखाली, बाहेरच्या कोपऱ्याजवळ, एका धाग्याचं टोक कित्येक महिने हाताला लागत होतं आणि क्लिनिकवाले दरवेळी "सेटल होईल मॅडम" एवढंच म्हणायचे. हे लिहायला बसायचं खरं कारण तेच.

प्रोसिजरबद्दल तक्रार नाही. सुन्न करायचं क्रीम लावलं, मग बारीक सुयांमधून मोनो थ्रेड्स, म्हणजे काटे नसलेले गुळगुळीत धागे. दुखण्यापेक्षा सुई डोळ्याच्या एवढ्या जवळ येते त्याचीच भीती जास्त. नंतर काळंनिळं झालं, सूज आली, दोनेक आठवड्यांत गेलं. (रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, पण ज्यांनी दिल्यात त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका प्लीज.)

पहिले काही आठवडे मी भयंकर चिडलेली होते, कारण सूज होती तोवर सगळं गुळगुळीत दिसत होतं आणि सूज उतरली तशा सुरकुत्या परत हजर. पैसे पाण्यात गेले असंच वाटलं. पण धागा इथे कातडी ओढून धरत नाही, त्याच्याभोवती कोलॅजन (कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन) तयार होतं आणि त्याला दोन-तीन महिने लागतात, हे आधी कोणीतरी नीट सांगायला हवं होतं ना! त्यानंतर फरक दिसायला लागला. आधी दुपारपर्यंत कन्सीलर बारीक रेघांमध्ये जमून बसायचा, ते जवळजवळ थांबलं. त्यामुळे "काही उपयोग नाही" असं जे मी सगळ्यांना सांगत सुटले होते ते मागे घेते. फुगवटा मात्र होता तसाच आहे. ती आतली चरबी पुढे आलेली असते, त्यावर थ्रेड्स हा इलाज नाहीच, फार असेल तर ब्लेफरोप्लास्टी, म्हणजे सर्जरी.

आता ते टोक. चेहरा धुताना बोट फिरलं की मिठाच्या खड्यासारखं टोचायचं, आणि हसले की बाजूच्या उजेडात तिथे चक्क एक रेघ उठायची. पापणीची कातडी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, खाली चरबीचा थरही जवळपास नाही, त्यामुळे धागा जरा वर बसला तरी लपत नाही. हायलुरॉनिक ॲसिडचा फिलर (कातडीखाली भरायचं जेलसारखं इंजेक्शन) बिघडला तर हायलुरॉनिडेजचं इंजेक्शन देऊन विरघळवता येतो, धाग्याला तशी सोय नाही. एकतर वाट बघा, नाहीतर छोटी चीर देऊन ओढून काढा. नेमकी हीच गोष्ट मला पैसे भरून झाल्यावर कळली!

मी विचारलं कुठला धागा, किती जाडीचा, पाकिटावरचं स्टिकर दाखवा. तर म्हणे फाइलमध्ये आहे, आणि फाइल काही सापडेना. रिसेप्शनवर आवाज चढवला तेव्हा कुठे मोठ्या डॉक्टरांनी स्वतः बघितलं. ते म्हणाले चोळू नका, मसाज बंद, लाल झालं, पू दिसला किंवा टोक बाहेर आलं तर त्याच दिवशी या. सगळ्या फॉलोअपमध्ये कामाचं एवढंच ऐकायला मिळालं. पीडीओ साधारण सहा महिन्यांत विरघळतो म्हणतात, माझं टोक त्याहून थोडं जास्त टिकलं, आता काहीही लागत नाही.

आता सुरकुत्या हळूहळू परत दिसायला लागल्यात, आणि क्लिनिकचे रिपीट सेशनच्या पॅकेजचे मेसेज सुरू झालेत. धाग्यागणिक पैसे मोजायचे आणि वर्षभराने पुन्हा तेच, हे माझ्या हिशोबात बसत नाही. बारीक सुरकुत्यांसाठी करायचंच असेल तर टोक वर आलं तर काढणार कोण आणि त्याचे वेगळे पैसे घेणार का, हे लेखी घ्या आणि स्टिकरचा फोटो तिथेच मोबाईलमध्ये काढून ठेवा. मी पॅकेज घेतलेलं नाही.