मे महिन्यात ताई-दादा म्हणून कुठे जावं: निवासी कला शिबिर की शहरातलं रोजचं शिबिर?

मार्च सरत आला की कला शिबिरांचे आयोजक माणसं शोधू लागतात. नाटक, चित्रकला, नृत्य शिकणाऱ्या किंवा डी.एड., समाजकार्य करणाऱ्या मुलामुलींना विचारणा होते, "ताई म्हणून येशील का? आठ दिवस, राहणं-जेवण आमच्याकडे." त्याच सुट्टीत शहरातल्या एखाद्या शाळेत रोज तीन-चार तास चालणाऱ्या शिबिरालाही मदतनीस हवे असतात. दोन्हीकडे रंग तेच, खेळ तेच, शेवटी पालकांसमोर सादरीकरणही तेच. तरी ही दोन वेगळी कामं आहेत. फरक पडतो तो मुक्कामामुळे.

निवासी शिबिरात कला शिकवायला बहुधा वेगळे प्रशिक्षक असतात. ताई-दादाच्या वाट्याला येतो एक गट आणि त्याचा अख्खा दिवस: उठवणं, अंघोळीची रांग, पंगत, दुपारची विश्रांती, तालमीला वेळेवर पोचवणं, भांडणं मिटवणं आणि दिवे बंद झाल्यावरची कुजबुज. शहरातल्या शिबिरात मूल खाऊन-पिऊन येतं, आजारी असलं तर येतच नाही, आणि तुमचा जवळजवळ सगळा वेळ कलेत जातो. शिकवण्याचा सराव हवा असेल तर शहरातलं शिबिर घ्या. मूल दिवसभरात कसं बदलतं, कशामुळे बिथरतं, कशाने सावरतं हे जवळून पाहायचं असेल तर ते निवासी शिबिरातच दिसतं.

तास आणि मानधन

आकडे तासांवर मांडून बघा. समजा सात दिवसांच्या निवासी शिबिराचे ७,००० रुपये मिळणार आहेत. सकाळी सहा ते रात्री दहा म्हणजे रोजचे १६ तास, एकूण ११२. ताशी साधारण ६२ रुपये पडले, आणि रात्रीची जबाबदारी यात धरलेलीच नाही. शहरातल्या दहा दिवसांच्या शिबिरात रोज चार तास आणि तासभर तयारी धरली तर ५० तास होतात. तिथे ४,००० रुपये मिळाले तरी ताशी ८० पडतात, पण त्यातून येण्याजाण्याचा खर्च वजा होतो. निवासी शिबिरात खाणं-राहणं सुटतं, खर्च करायला वाव नसतो, म्हणून हाती लागणारी रक्कम मोठी वाटते. पैशासाठीच जायचं असेल तर शहरातलं शिबिर बरं. संध्याकाळी दुसरं कामही करता येतं.

एक गोष्ट आधीच ठरवून घ्यावी. निवासी शिबिरात रोज किमान दोन तास पूर्ण मोकळे मिळायला हवेत, आणि त्या वेळात तुमचा गट दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात असायला हवा. "दुपारी मुलं झोपतात, तेव्हा तुम्हीही झोपा," हे उत्तर मान्य करू नका. नवीन जागी, मित्रांच्या घोळक्यात मुलं दुपारी झोपत नाहीत. कॉटवरून उड्या, दारात बोट सापडणं, उशांची मारामारी हे सगळं याच दीड तासात होतं. ज्या शिबिरात ताईंना विश्रांती नसते तिथे चौथ्या दिवसापासून त्यांचा आवाज चढतो आणि मुलं ऐकेनाशी होतात.

किती मुलांमागे किती माणसं

अमेरिकन कॅम्प असोसिएशनने सुचवलेलं प्रमाण मोजमाप म्हणून चांगलं आहे. निवासी शिबिरात ६ ते ८ वर्षांच्या सहा मुलांमागे एक, ९ ते १४ वर्षांच्या आठांमागे एक आणि १५ ते १८ वर्षांच्या दहांमागे एक मोठं माणूस. दिवसाच्या शिबिरासाठी हेच आकडे आठ, दहा आणि बारा असे आहेत. आयोजक "पंचवीस मुलांना दोन ताई पुरतात" म्हणाले तर हिशेब करून बघा: एक ताई तापाच्या मुलीला घेऊन दवाखान्यात गेली की उरलेल्या चोवीस जणी दुसरीच्या एकटीच्या अंगावर पडतात. शहरात अशी वेळ आली तर पालक अर्ध्या तासात पोचतात. डोंगरावरच्या निवासी शिबिरापासून ते चार-पाच तासांवर असतात.

म्हणून शिबिराची जागाही तपासा. माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे खाजगी गाडी जात नाही, त्यामुळे रंगांचे डबे, पेट्या, नेपथ्याचं सामान माणसांच्या डोक्यावरून किंवा घोड्यावरून न्यावं लागतं, आणि रुग्णवाहिकेचा नंबर आधीच हाताशी लागतो. कोकणात किनाऱ्यालगत शिबिर असेल तर समुद्रावर जाण्याचा नियम लेखी मागा. मेमधल्या दमट हवेत तालीम सकाळी साडेदहापर्यंत आणि पाचनंतरच उघड्यावर घ्यावी. जलसंजीवनीचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच मिसळायचं (मोठ्या पाकिटाला एक लिटर). अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट ओतणं चुकीचं आणि धोक्याचं.

दिवेलागणीपासून सकाळपर्यंत

निवासी काम जमेल की नाही, हे या वेळेवर ठरतं. दिवसभर हुंदडणारं नऊ वर्षांचं मूल दिवेलागणीला गप्प होतं, ताटात भाताशी खेळत बसतं, पोट दुखतंय म्हणतं. पोट खरंच दुखत असेल, म्हणून आधी ताप, उलटी, शौच हे विचारून घ्यायचं. ते नसेल तर बहुधा घरची आठवण असते. अशा वेळी "रडू नकोस" म्हणून काही होत नाही. हाताला काम द्यावं: पंगतीची ताटं मांडणं, उद्याची माती भिजवणं, दिव्यांच्या वाती करणं. झोपायच्या तोंडावर आईला फोन लावून देऊ नये. आवाज ऐकला की बांध फुटतो, आणि पुढचे दोन तास त्यातच जातात. फोन करायचाच तर दुपारी जेवणानंतर. "उद्या बाबांना बोलावू" असं कबूल तर अजिबात करू नये, कारण मग मूल रमायचा प्रयत्नच सोडतं आणि फाटकाकडे बघत राहतं. बहुतेक मुलं तिसऱ्या दिवशी रुळतात. सलग दोन दिवस जेवण-झोप नीट नसेल तर मात्र शिबिरप्रमुखांना सांगून पालकांशी बोलावं.

अंथरूण ओलं होणं हीदेखील नेहमीची गोष्ट. घरी थांबलेलं असतं, जागा बदलली की पुन्हा सुरू होतं. प्रवेश अर्जात याची विचारणा हवी. साडेदहा-अकराला मुलाला हळूच उठवून नेऊन आणावं, गादीखाली प्लास्टिक आणि हाताशी दोन जादा चादरी ठेवाव्यात, आणि सकाळी बाकीच्यांना व्यायामाला पाठवल्यावरच अंथरूण बदलावं. खोलीत दुसऱ्या एका जरी मुलाला कळलं तरी ज्याचं अंथरूण ओलं झालं त्याचं शिबिर तिथेच संपतं. ही काळजी निभावणारी ताई पाच प्रशिक्षकांपेक्षा मोलाची, असं आमचं ठाम मत आहे.

शहरातल्या शिबिरात यातलं काहीच नसतं. तिथली अवघड वेळ म्हणजे सुटण्याची. मूल न्यायला नेमकं कोण येणार, त्यांचं नाव यादीत आहे का, उशीर झालेल्या पालकांसाठी कोण थांबणार, हे ठरलेलं नसेल तर रोज अर्धा तास फुकट थांबावं लागतं.

कला कुठे जास्त होते

शाडू मातीसाठी निवासी शिबिर सरस. माती आदल्या रात्री भिजवता येते, सकाळी मळून ओल्या फडक्यात ठेवता येते, आणि केलेली वस्तू सावलीत तीन-चार दिवस वाळवून मग रंगवता येते. उन्हात ठेवली की वरचा थर आधी आकसतो आणि तडे जातात. जाड मूर्ती आतून पोकळ केली नाही तर तीही तडकते. शहरात मूल ओलीच वस्तू रिक्षातून घरी नेतं, आणि कान-सोंड वाटेतच तुटते. कागदाच्या लगद्याचंही तसंच आहे: वर्तमानपत्र रात्रभर भिजायला हवं. खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची जुनी पद्धत मुलांच्या शिबिरात वापरू नका, ते विषारी आहे. साधी मैद्याची खळ रोज ताजी शिजवावी.

नाटकाचं गणित वेगळं. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर ही बालनाट्यसंस्था सुरू केली, तेव्हापासून आपल्याकडे सुट्टी आणि बालनाट्य यांचं नातं घट्ट आहे. लिखित संहितेचं नाटक शहरातल्या शिबिरात चांगलं बसतं: वाक्यं घरी पाठ होतात, कपडेपट आई-आजीच्या कपाटातून येतो. मुलांनी स्वतः रचलेलं नाटक मात्र निवासी शिबिरात फुलतं, कारण जेवताना, झोपताना त्यांच्या डोक्यात तेच घोळत असतं. गेरूचा हात दिलेल्या कागदावर बांबूच्या काडीने पांढरी वारली चित्रं काढणं दोन्हीकडे सारखंच सोपं.

जबाबदारी

दोन्हीकडे वय १८ पूर्ण हवं. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आयोजकांनी न मागितला तरी स्वतःहून काढावा. अर्ज ऑनलाइन होतो, पण वेळ लागतो. बंद खोलीत एका मुलाबरोबर एकटं कधीही थांबू नये. अंघोळ, कपडेपट, मलमपट्टी, सगळीकडे दार उघडं किंवा दुसरं मोठं माणूस सोबत. लेखी परवानगीशिवाय कुणाला साधी तापाची गोळीही देऊ नये. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. शिबिरप्रमुखाच्या कानावर घातलं म्हणजे ही जबाबदारी संपत नाही. १०९८ ही चाइल्डलाइन पाठ असू द्या.

अमेरिकेतल्या कॅम्पचं काय?

तिकडची निवासी शिबिरं मुख्यतः जून ते ऑगस्ट चालतात. कॅम्प काउन्सेलरसाठी जे-१ व्हिसा लागतो. तो मान्यताप्राप्त प्रायोजक संस्थेमार्फत मिळतो, किमान वय १८ आणि मुदत जास्तीत जास्त चार महिने. या व्हिसावर तुम्हाला स्वयंपाक, भांडी किंवा झाडलोटीच्या कामाला लावता येत नाही, हे माहीत असू द्या. अडचण आपल्या वेळापत्रकाची आहे: जून-जुलैत इथली महाविद्यालयं सुरू होतात. पदवी पूर्ण झालेल्यांनी किंवा सत्रभराची मोकळीक असणाऱ्यांनीच त्यासाठी खटपट करावी. त्याआधी इथला एक मुक्काम केलेला असला तर मुलाखतीत सांगण्यासारखं पुष्कळ असतं.

होकार देण्याआधी आयोजकांना फोनवर इतकंच विचारा: माझ्या गटात किती मुलं, कोणत्या वयाची? रात्री त्याच मजल्यावर आणखी कोण मोठं माणूस असेल? सर्वात जवळचा दवाखाना किती मिनिटांवर, आणि गाडी रात्रभर आवारात असेल का? माझे मोकळे तास कोणते? मानधन किती, कोणत्या तारखेला? उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून मागा. चांगल्या शिबिराचे आयोजक ती त्याच दिवशी पाठवतात. रात्रीच्या प्रश्नावर "ते तिथे गेल्यावर बघू" असं उत्तर आलं तर त्या वर्षी शहरातलंच शिबिर घ्या.